फ्रीलान्स साइटवरचं कमिशन आणि क्लिकच्या जाहिराती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोथरूडला राहते, लेबल आणि पॅकेजिंगची डिझाइन्स करते, बहुतेक क्लायंट बाहेरचे आणि तेही फ्रीलान्स साइटवरूनच आलेले. गेली काही वर्षं दर रविवारी आमच्याकडे पाच-सहा मुलंमुली येतात, कुणी सदाशिव पेठेत रूम घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता ट्रान्सक्रिप्शन करतं, कुणी हिंजवडीची नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरलंय, आणि सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. उरलेले व्हॉट्सॲपवर येतात, रात्री अकराला. म्हणून एकदा नीट लिहून काढलं. सगळीकडे डॉलर हिशोबाला सोपं जावं म्हणून ८५ रुपये धरलाय, तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव घालून बघा.

१. ताई, हे पीपीसी पीपीसी म्हणतात ते नक्की काय असतं?

पीपीसी म्हणजे पे पर क्लिक, जाहिरात दिसली म्हणून पैसे नाही, कुणी त्यावर क्लिक केलं तरच पैसे. बस, एवढंच. ही पद्धत इंटरनेटवर १९९८ च्या आसपास गोटू डॉट कॉम या सर्च साइटने रुजवली, गुगलची जाहिरात सेवा २००० साली आली आणि २००२ मध्ये त्यांनीही क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली. आता फ्रीलान्स साइटीही तेच करतात, म्हणजे तुमची गिग (म्हणजे ठरावीक किमतीला विकायला मांडलेलं काम) किंवा प्रोफाइल सर्चमध्ये वर दाखवायची आणि क्लायंटने उघडली की तुमच्या खात्यातून थोडे सेंट कापायचे. क्लिक करणाऱ्याने काम दिलं की नाही याच्याशी त्या पैशांचा काही संबंध नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं डोक्यात बसवा.

२. मग साइट आधीच कमिशन घेते ना, जाहिरातीचे पैसे त्यातूनच जात नाहीत का?

नाही, दोन्ही वेगळं. कमिशन काम मिळाल्यावर, क्लिकचे पैसे काम मिळो न मिळो. एकाच ऑर्डरवर दोन्ही लागतात, आणि बरेच जण फक्त एकच धरतात आणि महिन्याच्या शेवटी पैसे गेले कुठे म्हणून विचारतात. दोन्ही धरून हिशोब कसा करायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. कुठल्या साइटवर किती कापतात ते एकदा सांगा ना, प्रत्येक जण वेगळं सांगतो

प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण दर बदलत आलेत आणि लोक जुने व्हिडिओ बघतात.

फायवर सरळ २०% घेतं. ५ डॉलरच्या गिगचे हातात ४. क्लायंटने खूश होऊन टिप दिली तर त्यातूनही २०%, जास्तीचे एक्स्ट्रा विकले त्यातूनही. क्लायंटकडून साइट वेगळी फी घेते ती त्याच्या बिलात, आपल्याला दिसत नाही, पण क्लायंट जेव्हा म्हणतो की तुझं काम महाग पडतंय तेव्हा तो त्या फीसकट बोलत असतो हे लक्षात ठेवा, उगाच लगेच भाव पाडू नका. ऑर्डर पूर्ण झाल्यावर साधारण १४ दिवस पैसे अडकून असतात, टॉप रेटेड झालात की ७.

अपवर्कचं २०१६ पासून पायऱ्यापायऱ्यांचं होतं, एका क्लायंटच्या पहिल्या ५०० डॉलरवर २०%, मग १०%, मग १०,००० च्या पुढे ५%. मे २०२३ मध्ये सरसकट १०% झालं. १ मे २०२५ पासून नव्या कॉन्ट्रॅक्टला ० ते १५% च्या मध्ये काहीही लागू शकतं, किती ते स्वीकारायच्या आधी स्क्रीनवर दिसतं आणि त्या कॉन्ट्रॅक्टपुरतं तेवढंच राहतं. म्हणजे आता भाव सांगायच्या आधी ती ओळ वाचायची सवय लावावीच लागते, १५% असेल तर १००० डॉलरच्या कामात १५० गेले, ते बारा हजारांच्या वर होतात, कोथरूडमधल्या एका रूमचं भाडं आहे ते.

फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरलेल्या रकमेच्या कामाला १०% किंवा ५ डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. हे ‘जे जास्त असेल ते’ लहान कामात फार लागतं, कारण २० डॉलरच्या कामात ५ डॉलर म्हणजे सरळ २५%. आणि ही फी तुम्ही काम स्वीकारलं की लगेच कापतात, क्लायंटने पैसे द्यायच्या आधी. त्यामुळे तिथे क्लायंटने माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या टप्प्याचे, पैसे भरलेत का ते बघितल्याशिवाय ॲक्सेप्ट दाबू नका, प्लीज.

वर बँकेत पैसे आणताना डॉलरचा भाव थोडा कमी मिळतो आणि काढायची फी असते ती वेगळीच, म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा काढलेलं बरं.

४. एका क्लिकला जास्तीत जास्त किती पैसे लावावेत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो, लोक विचारतात ‘सध्या काय रेट चाललाय’. रेट दुसऱ्याचा असतो हो, पोट आपलं असतं.

कागद घ्या. समजा तुमची गिग ४० डॉलरची आहे. २०% कमिशन गेलं, राहिले ३२. आता तुमच्या गिगच्या आकड्यांमध्ये बघा की किती क्लिकमागे एक ऑर्डर येते, समजा २५ मागे १. मग ३२ भागिले २५ म्हणजे १ डॉलर २८ सेंट. एवढा भाव तुम्ही प्रत्येक क्लिकला दिलात तर ऑर्डर येईल, काम होईल, रिव्ह्यू येईल आणि हातात शून्य राहील. ही तुमची वरची रेघ. मी स्वतः त्या रेघेच्या निम्म्याच्या वर कधी जात नाही. ६० सेंट धरले तर २५ क्लिकचे १५ डॉलर, ३२ मधून १५ गेले, राहिले १७, म्हणजे साधारण १४४५ रुपये. आता स्वतःला विचारा की हे काम किती तासांचं आहे, तीन तास आणि दोन रिव्हिजन असतील तर हा भाव परवडतो का. परवडत असेल तर पुढे चला.

आता हेच १० डॉलरच्या गिगला करून बघा. कमिशन जाऊन ८ उरतात, भागिले २५, म्हणजे ३२ सेंट ही वरची रेघ, आणि तुम्ही ३० सेंटची बोली लावलीत तर साडेसात डॉलर जाहिरातीत आणि अर्धा डॉलर तुमचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून मी सगळ्यांना सांगते, स्वस्त गिगची जाहिरात करू नका, आधी पॅकेज मोठं करा. आमच्याकडे येणारी एक मुलगी फक्त लोगो विकायची, तिने लोगो, व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेड एकत्र केलं, काम दीडपट वाढलं पण किंमत तिप्पट झाली आणि तेव्हा कुठे जाहिरातीचा हिशोब जुळला.

२५ मागे १ हा आकडा माझा उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही काढायचा. आकडाच नसेल तर प्रश्न ५.

५. मी एकदम नवीन आहे, एकही रिव्ह्यू नाही, जाहिरात केली तर लवकर काम मिळेल का?

आत्ता नको. एक तर फायवरसारख्या साइटवर कुठली गिग जाहिरातीला चालेल ते साइटच ठरवते, नवीन गिगला बऱ्याचदा तो पर्यायच दिसत नाही. आणि दिसला तरी, क्लिक करून आलेला माणूस तुमच्या पानावर बघतो काय, शून्य रिव्ह्यू आणि दोन नमुने. शेजारी ४०० रिव्ह्यूवाला असतो. तुमच्या पैशाने तो दारापर्यंत आला आणि खरेदी शेजारच्या दुकानात केली, लक्ष्मी रोडवर रोज होतं तसं.

पहिली चार-पाच कामं ओळखीतून आणा, नीट करा, नमुने चांगले लावा, वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा. पैसे लावायचेच असतील तर थोडे कनेक्ट्स (अपवर्कवर अर्ज करायला लागतात ती टोकनं) घ्या आणि कामं निवडून अर्ज करा, ते प्रश्न ८ मध्ये सांगितलंय.

६. २५ क्लिक झाले आणि एकही ऑर्डर नाही, बंद करू का?

थांबा जरा. तुमच्याकडे खरोखर २५ मागे १ ऑर्डर येत असेल, तरी २५ क्लिकमध्ये एकही न येण्याची शक्यता शंभरात ३६ आहे. घाबरण्यासारखं काही नाही, नाणेफेकीत दोनदा ओळीने काटा पडण्यापेक्षाही हे जास्त वेळा होतं. ५० क्लिकपर्यंत काही न येण्याची शक्यता शंभरात १३ वर येते, ७५ पर्यंत साधारण ५. म्हणून मी ७५ पर्यंत बघते, तोपर्यंत गिगचा फोटो, किंमत, बोली काही बदलत नाही, आणि तरीही काही आलं नाही तर बंद करून आधी पान सुधारते. लोक उलट करतात, २० क्लिकला घाबरून फोटो बदलतात, ३० ला किंमत बदलतात, मग कशाने काय झालं काहीच कळत नाही.

फक्त एक, ७५ क्लिकचे पैसे आधी बाजूला काढलेले असले पाहिजेत. ६० सेंटने ४५ डॉलर होतात, पावणेचार हजारांच्या आसपास. घरखर्चातून काढून हे करू नका, मनापासून सांगते.

७. बोली १ डॉलर लावली तर प्रत्येक क्लिकला १ डॉलरच जाणार का?

तुमची बोली ही कमाल मर्यादा असते. गुगलवर लिलाव असा असतो की तुमच्या खालच्याला मागे टाकायला जेवढं लागेल तेवढंच घेतात, आणि नुसती बोली नाही तर जाहिरात किती उपयोगाची आहे हेही मोजतात. पण म्हणून बोली भरमसाट टाकायची नाही, खालचाही तसाच विचार करत असेल तर दोघांच्याही खिशाला चाट. वरची रेघ प्रश्न ४ ची, ती ओलांडायची नाही.

८. अपवर्कचे कनेक्ट्स म्हणजे पण पीपीसीच का?

साधा अर्ज असेल तर नाही. तिथे क्लिकचे नाही, अर्ज करायचेच पैसे आहेत. एक कनेक्ट १५ सेंटला पडतो आणि एका अर्जाला कामाप्रमाणे वेगवेगळे लागतात, समजा १६ लागले तर २ डॉलर ४० सेंट, दोनशे रुपये झाले. क्लायंटने अर्ज उघडून बघितला नाही तरी गेले. दहा अर्जांमागे एक काम मिळत असेल तर त्या कामामागे २४ डॉलर तुम्ही आधीच घातलेत, हे कमिशनच्या वर. विकत घेतलेले कनेक्ट्स वर्षभरात वापरले नाहीत तर जातात, म्हणून ऑफर बघून पोतंभर घेऊ नका.

वरून बूस्ट असतो, म्हणजे जास्त कनेक्ट्सची बोली लावून अर्ज वरच्या काही जागांवर न्यायचा. प्रोफाइल बूस्ट मात्र क्लिकच्या जवळ जातं. माझं मत असं की बूस्टपेक्षा अर्जाच्या पहिल्या दोन ओळींवर अर्धा तास घालवा, क्लायंटला यादीत तेवढंच दिसतं. आणि काम पोस्ट होऊन किती वेळ झाला, क्लायंटने आधी कुणाला कामावर घेतलंय का, पेमेंट व्हेरिफाइड आहे का, हे तीन बघितल्याशिवाय एकही कनेक्ट खर्च करू नका.

९. मला वाटतं कुणीतरी स्पर्धक मुद्दाम क्लिक करून माझे पैसे संपवतोय

होऊ शकतं, पण वाटतं तेवढं होत नाही. गुगल स्वतः खोटे क्लिक गाळतं आणि नंतर लक्षात आले तर खात्यात क्रेडिट देतं. फ्रीलान्स साइटवर आधी रिपोर्ट काढून बघा, क्लिक एकाच तासात गुच्छाने आलेत का, तसं असेल तर स्क्रीनशॉटसकट सपोर्टला लिहा. बहुतेक वेळा मात्र मला असं दिसतं की गिगचं नाव आणि आतलं काम जुळत नाही, म्हणून खरे क्लायंटच येऊन परत जातात. नावात ‘पॅकेजिंग’ आणि आत नुसते लोगो असतील तर दोष स्पर्धकाचा नाही.

१०. ऑर्डर कॅन्सल झाली तर क्लिकचे पैसे परत मिळतात का?

नाही. कॅन्सल ऑर्डरवर फायवर कमिशन घेत नाही, पण क्लिक झाला तो झाला. म्हणून प्रश्न ४ च्या हिशोबात ऑर्डरी मोजताना पूर्ण झालेल्याच मोजा.

११. साइटवरच्या जाहिरातीपेक्षा थेट गुगलवर जाहिरात करून लोकांना माझ्या गिगवर आणलं तर?

गिगवर नको. ते पान तुमच्या ताब्यात नसतं, कुठल्या शब्दावरून आलेल्या माणसाने ऑर्डर दिली ते कळणं अवघड जातं, आणि खाली साइट दुसऱ्यांच्या गिगा दाखवते. वर ऑर्डर आली तरी २०% आहेच.

स्वतःचं साधं एक पानी संकेतस्थळ असेल तर मात्र विचार करा, खास करून पुण्यातल्या कामासाठी. चितळ्यांच्या दुकानाएवढं मोठं गिऱ्हाईक लागत नाही, घरगुती मसाले, लोणची, दिवाळीचे फराळाचे बॉक्स करणारे कितीतरी लोक इथे आहेत आणि त्यांना लेबल हवं असतं. गुगलमध्ये तीन गोष्टी सांभाळा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळात ‘या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ असं असतं, ते बदलून फक्त तिथे असलेले करा, नाहीतर भलत्याच गावाहून क्लिक येतात. नको असलेल्या शब्दांची यादी टाका, ‘फ्री’, ‘जॉब’, ‘कोर्स’, ‘टेम्प्लेट’, यानेच निम्मा कचरा जातो. आणि रोजचं बजेट ३०० टाकलं की रोज ३०० च जातील असं नाही, एखाद्या दिवशी दुप्पट म्हणजे ६०० पर्यंत जाऊ शकतात, महिन्याला मात्र ३०.४ पट म्हणजे ९१२० च्या वर नाही. त्यावर १८% जीएसटी धरा, दहा हजारांचे अकरा हजार आठशे होतात.

१२. क्लायंट म्हणतो साइट सोडून थेट पैसे पाठवतो, कमिशन वाचेल. करू का?

नका करू. कमिशनचा राग मलाही येतो, पण अपवर्कवर ओळख झालेल्या क्लायंटकडून दोन वर्षं बाहेर पैसे घ्यायला बंदी आहे, हवंच असेल तर फी भरून बाहेर पडायचा अधिकृत मार्ग त्यांनी ठेवलाय. फायवरवर फोन नंबर दिला तरी खात्यावर गदा येते. रिव्ह्यूसकट खातं गेलं तर तुम्ही आजवर क्लिकना घातलेले सगळे पैसे गेले.

आणि नवीनच माणूस पहिल्याच मेसेजला टेलिग्रामवर ये म्हणत असेल, किंवा काम द्यायला डिपॉझिट मागत असेल, तर तो क्लायंट नाहीच. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळणं अवघड.

१३. जीएसटी लागतो का? क्लायंट तर अमेरिकेतला आहे

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण परदेशातलं कामही त्या २० लाखांत मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नोंदणी केलीत तर अटी पाळून केलेली निर्यात शून्य दराची, त्यासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायचं, फॉर्म आरएफडी-११. विसरू नका, एप्रिलमध्येच भरून टाका.

याची दुसरी बाजू आपल्या खर्चाची. परदेशी साइट तुम्हाला सेवा विकते, त्यावर १८% लागतो. अपवर्कसारख्या साइटला जीएसटी नंबर दिलेला नसेल तर ती स्वतः फीवर आणि कनेक्ट्सवर तो लावते, म्हणजे १०% कमिशन खरं तर ११.८% पडतं. नंबर दिलेला असेल तर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. प्रश्न ४ चा हिशोब करताना हे धरा.

१४. जाहिरातीचा खर्च आयटीआरमध्ये दाखवून टॅक्स कमी होतो का?

तुम्ही कुठल्या पद्धतीने भरता त्यावर आहे. ४४एडीए म्हणून जी सोपी पद्धत आहे तिच्यात यादीतल्या व्यवसायांनी जमेच्या ५०% नफा धरायचा, मग जाहिरात, कमिशन, लॅपटॉप काही वेगळं वजा होत नाही, सगळं उरलेल्या निम्म्यात आलं. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५% च्या आत असेल तर ७५ लाख. माझ्यासारख्यांना अडचण अशी की त्या यादीत ग्राफिक डिझाइन असं नाव नाही, त्यामुळे आपण कुठे बसतो ते सीएंना विचारूनच ठरवा. खर्च खरोखर निम्म्याहून जास्त असेल तर हिशोब ठेवून नेहमीच्या पद्धतीने भरणं फायद्याचं पडू शकतं.

दोन्हीकडे एक चूक फार होते. क्लायंटने १०० डॉलर दिले आणि तुमच्याकडे ८० आले तर जमा १०० ची, २० कमिशन हा खर्च. बँकेत आलं तेवढंच उत्पन्न धरू नका. साइटचं स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून ठेवा, बँकेकडून येणाऱ्या परदेशी पैशांच्या पावत्याही.

१५. रात्री उशिरा जाहिरात चालू ठेवू की दिवसा?

तुम्ही उत्तर देऊ शकता तेव्हा. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात असतात, हिवाळ्यात आठ, म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा हे सोन्यासारखे तास. एका गणपतीत मी घरच्या गडबडीत जाहिरात तशीच चालू ठेवली, दहा दिवस मेसेजना दुसऱ्या दिवशी उत्तरं दिली, ६२ डॉलर गेले आणि एक ऑर्डर आली नाही. तेव्हापासून सणाला, गावी जाताना, दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाणार असली तरी मी आधी जाहिरात थांबवते.

१६. रिपोर्टमध्ये दिसतं की महिन्यात ८ ऑर्डरी जाहिरातीतून आल्या. म्हणजे जाहिरात चांगली चालतेय ना?

कदाचित. रिपोर्ट एवढंच सांगतो की त्या ८ जणांनी जाहिरातीवर क्लिक केलं होतं. जाहिरात नसती तर ते आले नसते असं तो सांगत नाही. तुमची गिग त्या शब्दाला आधीच पहिल्या पानावर असेल तर यातले काही जण तिथूनच फुकट आले असते आणि तुम्ही त्यांचे पैसे भरलेत. कळायला एकच मार्ग आहे, दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, असं दोनदा करा आणि एकूण ऑर्डरी मोजा, नुसत्या जाहिरातीच्या नाही. मी केलं तेव्हा एका गिगला काहीच फरक पडला नाही, ती मी कायमची काढली, आणि दुसरीला बंद ठेवल्यावर ऑर्डरी निम्म्या झाल्या, ती अजून चालू आहे.

१७. पहिल्या ऑर्डरला तोटा झाला तरी चालेल का, क्लायंट परत येतोच की?

येतो, पण सगळे येत नाहीत आणि सगळ्या कामात येत नाहीत. लग्नपत्रिका करणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा यायला फार वर्षं जातात. लोणच्याच्या लेबलवाला मात्र दर नव्या चवीला येतो. तुमच्या मागच्या २० क्लायंटची यादी काढा, त्यातले किती जण सहा महिन्यांत परत आले ते मोजा. समजा ५ आले आणि प्रत्येकाने कमिशन जाऊन ३२ डॉलरचं एकेक काम दिलं, तर १६० भागिले २०, म्हणजे एका नव्या क्लायंटमागे ८ डॉलर जास्तीचे. मग प्रश्न ४ मधले ३२ चे ४० झाले आणि वरची रेघ १ डॉलर २८ वरून १ डॉलर ६० वर गेली. तेवढीच. आणि ते ८ डॉलर सहा महिन्यांनी येणार आहेत, क्लिकचे पैसे आज जातात, त्यामुळे मधले सहा महिने काढायला हातात शिल्लक नसेल तर जुन्या १ डॉलर २८ वरच थांबा.